लखोट्यावर आधी नाव घाल

सांगली
मंगळवार, ३१ डिसेंबर २०२४

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं, सोबतचा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचा तक्ताही मिळाला. पट्टीनं आखलेल्या चौकटी, तीन रंगांची शाई. पहाटे ४ ला उठणे. १४ तास अभ्यास. फोन फक्त रात्री ९ ते ९.१५. रोज एक टेस्ट पेपर. साखर बंद. आणि सगळ्यात वर, लाल शाईत, खाली दोन रेघा मारून, "२०२५ मध्ये पोस्ट काढायचीच." शेवटी विचारलंयस, मावशी, यात काही राहिलंय का बघा.

दोन दिवस तो तक्ता माझ्या टेबलावर होता. येता-जाता वाचत होते. मेसमध्ये जेवून यायला तासभर जातो असं तूच दिवाळीत सांगितलं होतंस, तो तास कुठल्याच चौकटीत नाही. अभ्यासिकेतून खोलीवर यायचा वेळ नाही. पाळीचे दोन दिवस नाहीत. तुझी आई फोनवर बोलायला लागली की पंधरा मिनिटांत ठेवत नाही, तेही धरलेलं नाही. सदाशिव पेठेत राहणाऱ्या, जतच्या घरची काळजी उशाला घेऊन झोपणाऱ्या मुलीला या तक्त्यात पाय ठेवायला जागा नाही. म्हणून तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोडेल, आणि मोडल्यावर तू स्वतःला दोष देशील. मला भीती त्या दोषाची वाटते.

पत्राच्या मधल्या पानावर जे लिहिलंयस ते मला तक्त्याहून महत्त्वाचं वाटलं. चालू घडामोडींची वही दोनशे पानांवर गेली, त्यातली एक ओळ वेळेवर आठवत नाही, आणि हल्ली पेपर उघडला की छातीत धडधडतं. संकल्पांचा एक आणि बातम्यांचा एक, असे तू दोन प्रश्न विचारलेस. माझ्या मते तो एकच आहे. का, ते सांगायचं तर थोडं माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. तुझे वडील आमचे जतचे वार्ताहर, त्यामुळे मी पेपरात होते हे तुला माहीत आहे. नेमकं काय करत होते, ते माहीत नसेल.

मी संदर्भ विभागात होते. रोज सकाळी आलेली सगळी वर्तमानपत्रं चाळायची, कामाच्या बातमीवर निळ्या पेन्सिलीनं खूण करायची, कात्रीनं कापून कोऱ्या कागदावर खळीनं चिकटवायची, डाव्या कोपऱ्यात पेपरचं नाव आणि तारीख घालायची आणि त्या त्या विषयाच्या लखोट्यात टाकायची. खाकी लखोटे, लोखंडी कपाटात अकारविल्हे लावलेले. "ऊस दर." "कोयना भूकंप." "टेंभू." "म्हैसाळ." "द्राक्ष, अवकाळी." अठ्ठावीस वर्षं मी हे केलं. या कामात एक गोष्ट डोक्याच्या आधी हाताला कळायला लागते. लखोटा उचलला की जाडीवरून समजतं, पाठपुरावा झालाय की नाही. पहिल्या चार दिवसांची वीस-पंचवीस कात्रणं, मग आठवड्यानं एखादं, मग महिन्यानं कुणाचं तरी आश्वासन, आणि पुढे काही नाही. बहुतेक लखोटे असेच असायचे. प्रश्न सुटलेला नसायचा. बघणारी माणसं उठून गेलेली असायची.

डिसेंबर आला की सरत्या वर्षाच्या मागोव्याची पुरवणी माझ्याकडे यायची. १९९४ च्या पुरवणीत मी एक ओळ लिहिली, की एका गावच्या ओढ्यावरचा साकव या वर्षी बांधून झाला. माझ्याकडे भूमिपूजनाचं कात्रण होतं. त्यात सहा महिन्यांची मुदत छापलेली होती, आणि नंतर त्या कामाबद्दल वावगं काही आलेलं नव्हतं. मी धरून चालले की झाला असणार. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक वयस्क गृहस्थ ऑफिसात आले. टोपी हातात, पुरवणीचं पान घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात. कुणीतरी त्यांना माझ्या टेबलाशी आणून सोडलं. त्यांनी पान उघडलं, माझ्या ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, हा पूल कुठाय तेवढं मला दाखवा. मी तिथंच राहतो." पावसाळ्यात दोन महिने त्यांची नात शाळेत गेली नव्हती. ओढा छातीएवढा चढायचा.

मला काही बोलता आलं नाही. त्यांना चहा पाजला, खुलासा छापू म्हणाले, आणि चार ओळींचा खुलासा आतल्या पानावर आला. ते उठताना मला हात जोडून गेले, त्याचं आजही वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी मी डायरीत लिहिलं, "यापुढे प्रत्येक बातमीची खातरजमा केल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही." तुझ्या लाल ओळीसारखंच वाक्य. फेब्रुवारीत ते मोडलं, कारण रोज शंभर बातम्या हाताखालून जायच्या आणि प्रत्येकीची खातरजमा करणं एका माणसाचं काम नव्हतं. मार्चमध्ये मी ते खोडून दुसरं लिहिलं. दर सोमवारी दुपारी साडेतीनला, जिल्ह्याची डाक येण्याआधी, कपाटातला एक पातळ लखोटा काढायचा आणि त्या गावच्या वार्ताहराला एक फोन करायचा. एकच. "त्या कामाचं पुढं काय झालं?" एवढंच विचारायचं आणि उत्तर तारखेसह लखोट्यात टाकायचं. हे मी निवृत्त होईपर्यंत केलं. काही सोमवार चुकले. मुलगी झाली त्या वर्षी तर बरेच चुकले. चुकलेला सोमवार मी मंगळवारी भरून काढायला गेले नाही, पुढच्या सोमवारी तिथून पुढे सुरू केलं. तो साकव १९९७ मध्ये झाला. माझ्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण चार फोन केले होते आणि तीन वेळा बातमी लागली होती.

आता संकल्प हा शब्दच बघ. घरी सत्यनारायण असला की गुरुजी यजमानाच्या तळहातावर पळीनं पाणी घालतात आणि भराभर काहीतरी म्हणतात. आपलं तिकडे लक्ष नसतं, प्रसादाच्या शिऱ्याकडे असतं. पण ते काय म्हणतात ते एकदा नीट ऐक. भरतखंड, दंडकारण्य देश, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग गोत्र आणि यजमानाचं नाव. एवढा सगळा पत्ता सांगून झाला की शेवटी येतं "करिष्ये", मी करीन, आणि तेव्हा कुठे पाणी ताम्हनात सुटतं. म्हणजे आज तू संकल्प सोडलास तर म्हणावं लागेल, शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, हेमंत ऋतू, पौष शुद्ध प्रतिपदा, मंगळवार. कोण, कुठे, कधी, काय. डेस्कवर नव्यानं आलेल्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, की बातमीच्या पहिल्या परिच्छेदात एवढं आलंच पाहिजे. जुन्या लोकांनी संकल्पाला तीच अट घातली होती.

आणि त्यात आणखी एक बारकावा आहे, तो मला फार उशिरा लक्षात आला. पूजा कशासाठी करतोय ते संकल्पात येतं, अमुक फळ मिळावं, तमुक देवतेच्या प्रीत्यर्थ. पण "करिष्ये" हे क्रियापद पूजेला लागतं, फळाला लागत नाही. पूजा मी करीन, फळ मिळावं. तुझ्या तक्त्यातल्या लाल ओळीत करिष्येच्या जागी फळ बसलंय. पोस्ट काढणं तुझ्या एकटीच्या हातात असतं तर गेलं वर्ष तुला वेगळं गेलं असतं.

गेल्या वर्षाचं बघ. २०२३ च्या डिसेंबरअखेर राज्यसेवेची जाहिरात आली, २७४ पदं, पूर्वपरीक्षा २८ एप्रिलला. तू त्या तारखेपासून उलटे दिवस मोजून आखणी केलीस. फेब्रुवारीत मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारा कायदा झाला, जाहिरातीतली आरक्षणाची मांडणी बदलावी लागली, परीक्षा लांबली, पदं ५२४ झाली. पुन्हा तारीख, पुन्हा बदल. मग २५ ऑगस्ट ठरली, तर त्याच दिवशी बँकेची आयबीपीएसची परीक्षा. कृषी सेवेची २५८ पदंही याच परीक्षेत घ्या अशी मागणी होती. पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, तूही होतीस, रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला होता की मावशी, भिजलोय पण उठणार नाही. परीक्षेला तीन दिवस उरले असताना ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. अखेर १ डिसेंबरला पेपर झाला. पहिल्या तारखेपासून सात महिन्यांनी. निकाल अजून यायचा आहे.

या सात महिन्यांत आपण आळशी झालो, असं तू लिहिलंयस. मला ते मान्य नाही. दर वेळी नवी तारीख धरून ताण चढवायचा, ती हलली की उतरवायचा, असं चार-चार वेळा केल्यावर शरीर साथ सोडतं, ते आळसानं नाही. फळाच्या तारखेला बांधलेला संकल्प फळाबरोबर हलला, एवढंच झालं. माझा सोमवार कुणाच्या परिपत्रकानं हलला नाही, कारण तो कुणाच्या परिपत्रकावर उभा नव्हता.

आता बातम्यांकडे येते. तुझी वही दिवाळीत मी चाळली होती. "निधन", "नियुक्ती", "पुरस्कार", "निर्देशांक", प्रत्येकाखाली वनलाइनर. शुक्रवारी तू त्यात लिहिलं असशील, "माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग, निधन २६ डिसेंबर २०२४, वय ९२." खाली १९९१, अर्थमंत्री, उदारीकरण. बरोबर आहे, एका गुणाचं उत्तर आहे. पण त्या नावाचा लखोटा माझ्याकडे असता तर मी त्यात काय काय टाकलं असतं, ते सांगते.

त्यांच्या कारकिर्दीत २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला. हे तुझ्या वहीत असेल. त्याच्या मागे जा. हाताला काम मागणाऱ्याला काम दिलंच पाहिजे, हा कायदा महाराष्ट्रानं १९७७ मध्ये केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आणला. त्यासाठी पैसा कुठून आला? नोकरदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला, त्यातून. माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला ती कपात असायची, आणि ऑफिसात सगळे तिच्यावर कुरकुर करायचे. ती कशासाठी आहे हे मला एका कात्रणातून कळलं, त्यानंतर मी कुरकुर केली नाही. आणखी मागे जा. १९७२ चा दुष्काळ. त्याच्याही मागे १९६५. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या कल्पनेचा पहिला प्रयोग एका गावात करून बघितला. ते गाव विसापूर. तालुका तासगाव, जिल्हा सांगली. आपला.

आणि १९७२ मध्ये तुझी आजी जतजवळच्या रस्त्यावर खडी फोडत होती. हे मला तुझ्या वडिलांनी सांगितलंय. ते तेव्हा चार वर्षांचे, खडीच्या ढिगाशेजारी धोतराच्या झोळीत धाकटी बहीण, आणि दुपारी मिळणारी सुकडी आजी अर्धी खाऊन अर्धी पदराला बांधून आणायची. त्या रस्त्याची मोजणी झाली, हजेरी लागली, पैसे हातात पडले, म्हणून ते घर गावात राहिलं. नाहीतर मुंबईच्या वाटेला लागलं असतं. दिल्लीत परवा एक माणूस गेला, त्याच्या नावावरच्या एका कायद्याचं मूळ तासगाव तालुक्यात निघतं आणि त्याची एक फांदी तुझ्या आजीच्या पदरापर्यंत येते. हे तू एकदा नीट जोडलंस की कलमं, सालं, आकडे पाठ करावे लागणार नाहीत. आणि पेपर उघडल्यावर होणारी धडधडही कमी होईल. दोनशे पानांतल्या दोनशे गोष्टींपैकी एकीशीही आपलं काही नातं नाही, आणि तरी सगळ्या लक्षात ठेवायच्या आहेत, या ओझ्याची ती धडधड आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की या वर्षी वहीबरोबर तीन लखोटे ठेव. तीनच. वही परीक्षेसाठी चालू राहू दे. लखोट्यात मात्र वर्षभर एकाच गोष्टीचा पाठपुरावा.

एक लखोटा विसापूरचा, तो ठरला. दुसरा मी सुचवते. १३ मेला घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला, १७ माणसं गेली. फलक निदान १२० फूट लांब आणि १२० फूट उंच होता, परवानगी मिळू शकते ती ४० बाय ४० ची. उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. सहा दिवसांनी पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला, दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळा महाराष्ट्र बोलायला लागला. घाटकोपरचं कात्रण त्या आठवड्यापासून पातळ होत गेलं. तू अधिकारी व्हायला निघालीस, म्हणून हा लखोटा तुझा. एवढा मोठा फलक भर रस्त्यात उभा राहतो तेव्हा त्याची फाइल किती टेबलांवरून गेली असेल, कुठल्या टेबलावर कुणी "हे बसत नाही" असं लिहायला हवं होतं, हे तू आत्ता शोधून ठेव. उद्या ते टेबल तुझं असेल.

तिसरा तुझा तू निवड. शेतीचा असो, जतच्या पाण्याचा असो. पाठपुरावा लांबला तर घाबरायचं नाही. मराठीला अभिजात दर्जा द्या म्हणून रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली २०१२ मध्ये, २०१३ ला अहवाल गेला, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली यंदाच्या ३ ऑक्टोबरला. मधल्या अकरा वर्षांत माझ्या कपाटातला तो लखोटा कधी जाड झाला, कधी वर्षभर उघडलाच गेला नाही. निवृत्त होताना मी तो माझ्या जागी आलेल्या मुलीच्या हातात देऊन सांगितलं होतं, हा बंद करू नकोस. ३ ऑक्टोबरच्या रात्री तिचा फोन आला. "मॅडम, शेवटचं कात्रण लावतेय."

फोनवरच्या बातम्यांच्या घंट्या बंद कर. हे एवढं आजच करून टाक. छापील पेपर सकाळी एकदा. बास.

आता जे लिहायला मला अवघड जातंय ते. घरून तुला दोन वर्षं मिळाली होती, ती येत्या मे महिन्यात संपतात, आणि तुझ्या तक्त्यातली लाल शाई त्या मेची आहे, हे मला कळतं. निकाल लागेपर्यंत घरी काही बोलायचं नाही असं तू ठरवलेलं दिसतंय. तसं करू नकोस. निकाल हातात असताना केलेलं बोलणं हे निकालाबद्दलच होतं, चांगला असो की वाईट. तुझ्या वडिलांशी आत्ता बोल, काहीच ठरलेलं नसताना बोल. परीक्षा सात महिने लांबली हे त्यांनी पेपरात वाचलंय, पण मुलीकडून ऐकलेलं नाही. मे ऐवजी पुढचा जानेवारी मागून घे, आणि त्या बदल्यात त्यांना नुसता शब्द देऊ नकोस, काहीतरी ठोस दे. जूनपासून नोकरी. सरळसेवेची असेल, खासगी असेल, अर्धवेळ शिकवणं असेल. नोकरी धरली म्हणजे हरलो, असं तुमच्या अभ्यासिकेत मानतात ते मला माहीत आहे. ते खोटं आहे.

स्वप्नील कुसाळेचं नाव तुझ्या "पुरस्कार व क्रीडा" या पानावर असेल. पॅरिस, १ ऑगस्ट, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, कांस्य. हेलसिंकीला १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी मिळवलं त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक. ही झाली एक ओळ. तिच्या मागे काय आहे ते बघ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा २०१५ पासून मध्य रेल्वेत नोकरीला. पदक मिळालं तेव्हा तिकीट तपासनीस. २०२२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा. २०२३ ला हांगझोऊला आशियाई स्पर्धेत वैयक्तिक प्रकारात पुन्हा चौथा. चौथ्याला पदक नसतं. पण कैरोच्या त्या चौथ्या जागेनंच भारताला पॅरिसची जागा मिळवून दिली होती. नोकरी त्याच्या नेमबाजीच्या आड आली नाही, उलट दोन स्पर्धांच्या मधल्या काळात घरचं दार उघडं राहिलं ते तिच्यामुळे. कटऑफ दीड गुणानं हुकल्यावर तू मला फोन केला होतास आणि बराच वेळ नुसती रडत होतीस. त्या दीड गुणाच्या मागे जो अभ्यास आहे तो कुठे जात नाही.

किती प्रयत्न करायचे, असं तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. ही तुझी तिसरी खेप होईल. ती मनापासून कर. चौथीच्या वेळी आपण पुन्हा बोलू. पाचवी कर असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी रिकाम्या हातानं गावी परतलेली मुलं मी बघितलीत. हुशारीत कुणी कमी नव्हतं. त्यांना वेळेवर कुणी थांब म्हणालं नाही.

मग तक्त्यातलं काय ठेवायचं? माझं ऐकशील तर एकच गोष्ट ठेव, आणि तिला पूर्ण पत्ता दे. रोज सकाळी ७ ते ८, अभ्यासिकेत, तुझ्या त्या खिडकीजवळच्या टेबलावर, पेपर आणि लखोटा. पाळी असो, पाऊस असो, परीक्षा पुढे जावो, हा तास जागेवरून हलवायचा नाही. बाकीचा अभ्यास त्या तासाच्या मागे आपोआप लागेल, तू अभ्यास करणारी मुलगी आहेस, तुला चौदा तासांच्या चौकटींची गरज नाही. आठवड्यातला एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन तास बसू नकोस, एकच बस. आणि महिनाभर मोडलं तर पुढच्या १ जानेवारीची वाट बघत बसू नकोस. आपल्याकडे वर्ष किती वेळा सुरू होतं. ३० मार्चला पाडवा आहे, गावाकडे सालगडी त्या दिवशी ठरतात. १ एप्रिलला सरकारचं वर्ष सुरू होतं, जूनमध्ये शाळेचं, दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याच्या वहीचं. ज्या दारातून आत येता येईल त्या दारातून ये.

साखर सोडायची असेल तर सोड, पण संक्रांतीनंतर.

या महिन्यात माणसं फार गेली. १५ ला झाकीर हुसेन, २३ ला श्याम बेनेगल, २६ ला मनमोहन सिंग. फेब्रुवारीत झाकीरभाईंना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाल्याची बातमी मी कापून ठेवली होती, परवा त्याच कागदाखाली दुसरं कात्रण चिकटवताना हात थांबला. जन्मल्यावर त्यांच्या कानात वडिलांनी तबल्याचे बोल म्हटले होते, असं ते सांगायचे. मी ते दोन्ही कागद लखोट्यात घातले आणि लखोटा मिटला नाही, उघडाच ठेवलाय. अजून त्यांच्याबद्दल खूप छापून येईल.

या पत्रासोबत तीन कोरे खाकी लखोटे पाठवतेय. माझ्या जुन्या साठ्यातले आहेत, कडा थोड्या पिवळ्या पडल्यात पण कागद जाड आहे. कात्रण टाकायच्या आधी वर नाव घालायचं आणि खाली आजची तारीख, ही आमच्या विभागाची रीत. नाव नसलेल्या लखोट्यात काहीही जातं आणि मग सापडत नाही. पहिल्यावर मी "विसापूर" लिहायला घेतलं होतं, पण हात आवरला. ते तू लिही.

संक्रांतीला तू येणारच आहेस. एक दिवस आधी निघ. रविवारी १२ जानेवारीला सकाळी साडेआठला सांगलीच्या स्टँडवर, तासगावच्या फलाटापाशी मी थांबते. तासगावहून विसापूर. रोजगार हमीच्या पहिल्या कामावर असलेलं तिथं कुणी आता भेटेल का, ते गेल्याशिवाय कळणार नाही. वही नको आणूस, लखोटा आण. आणि तुझ्या वडिलांना फोन करशील तेव्हा त्यांनाही ये म्हणावं. तो रस्ता जतजवळ नेमका कुठला होता, हे त्यांच्याखेरीज आता कुणाला ठाऊक नाही.

तुझी,
मावशी